काट्याची खोली

"किती वर्षं ओढताय?" डॉक्टरांनी कागदावरची नजर न उचलता विचारलं.

राजेश्रीला वाटलं, प्रश्न शेजारी बसलेल्या नवऱ्याला आहे. महालिंगलाही तसंच वाटलं असावं. तो म्हणाला, "मी तर सुपारीबी खात न्हाई, साहेब."

"तुम्हाला नाही, यांना विचारतोय. बिडी, सिगारेट, जे काही असेल ते."

"मी न्हाई ओढत," राजेश्री म्हणाली.

डॉक्टरांनी कागद तिच्याकडे फिरवला. त्यावर एक वाकडी रेघ चढून लगेच खाली उतरली होती. थोड्या वेळापूर्वी तिने नळीत फुंकलं होतं, त्याची ती रेघ. "हे बघा बाई, इथे लाजायचं कारण नाही. तुमचं वय एक्कावन्न, आणि श्वास सत्तरीच्या माणसाचा. असं फुप्फुस मी बहुतेक वेळा वीस-पंचवीस वर्षं बिडी ओढणाऱ्याचं पाहतो. घरात चूल आहे का?"

"गॅस हाय. लगीन झालं तवापासून."

"दुसरं कोणी ओढतं घरात?"

"आमच्या घरी रोज लिंगपूजा असते, साहेब," महालिंग म्हणाला. त्याचा हात आपोआप छातीशी गेला होता, शर्टाच्या आत जिथे गळ्यातलं इष्टलिंग होतं तिथे. "कोन ओढंल?"

"बरं. काम कुठे करता?"

"सेलूला. जिनिंगमदी, वजनाच्या काट्यावर."

"म्हणजे कापसाची धूळ."

"काटा लांब हाय. धूळ येत न्हाई तिथपर्यंत."

"आणि धूर?"

राजेश्रीने उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात महालिंगने मान वळवून तिच्याकडे पाहिलं होतं.

"ट्रॅक्टरचा असतो थोडा," ती म्हणाली.

डॉक्टरांचं समाधान झालं नाही, हे तिला दिसलं. त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, तोंडात मारायचे दोन पंप लिहून दिले आणि धुरापासून लांब राहायला सांगितलं. परभणीहून निघालेल्या पॅसेंजरमध्ये दोघं समोरासमोर बसले. मानवत रोड मागे पडल्यावर महालिंगने फाइल उघडली आणि शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीपुढे धरली.

"एवढं वाचून दाखव बरं, बाळा. डॉक्टरचं इंग्रजी समजत न्हाई आमाला."

मुलीने वाचलं. "दम्यासारखा आजार लिहिलाय, काका. आणि इथं, धूम्रपान करतात, असं लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलंय."

"प्रश्नचिन्ह," महालिंग म्हणाला. त्याने फाइल मिटली. सेलू येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

राजेश्रीला त्याच वेळी सांगता आलं असतं. पण जे सांगायचं होतं ते बावीस वर्षं जुनं होतं.

महालिंग कपडे शिवायचा. शेतकऱ्यांचे नेहरू शर्ट, पायजमे, शाळेचे गणवेश. गावात तयार कपड्यांची दुकानं वाढली आणि त्याच्या मशीनवरचं काम आटलं, तेव्हा बारावी शिकलेल्या राजेश्रीने जिनिंगमध्ये नोकरी धरली. सासू भागम्माने परवानगी दिली ती एका अटीवर. गड्यांत बसायचं नाही.

"माझी खोली अलग हाय, आत्याबाई," राजेश्रीने सांगितलं होतं. "खिडकीतून पावती द्यायची. आत कोनी येत न्हाई."

पहिलं वर्ष हे खरं होतं. कापसाची गाडी आली की काट्याच्या लोखंडी पत्र्यावर उभी राहायची. राजेश्री वजन लिहून घ्यायची आणि पावती खिडकीतून बाहेर सरकवायची. गाडी आत जाऊन रिकामी होऊन आली की पुन्हा वजन. माणसं खिडकीपलीकडे, ती अलीकडे. दुसऱ्या हंगामात कापसाच्या गंजीला आग लागली. कुणाच्या तरी बिडीने, असं ठरलं. दोन दिवस ती गंजी आतल्या आत धुमसत होती. त्यानंतर मालकांनी कडक नियम केला. फाटकावरचा लिंबाजी प्रत्येकाचे खिसे चाचपू लागला. आतल्या आवारात काडेपेटी सापडली तर माणूस कामावरून कमी. पण गाडीवाल्यांना रांगेत चार-पाच तास थांबावं लागायचं, हमालांनाही मधे मधे तलफ यायची. मालकांनीच तोड काढली. काट्याची खोली पक्क्या विटांची, वर स्लॅब, कापसापासून लांब. ज्याला ओढायचं त्याने तिथे जाऊन ओढावं.

तेव्हापासून सगळे तिथे येऊ लागले. थंडीत दार लावून घ्यायचे. पुढे काट्याला कॉम्प्युटर जोडला, तेव्हा धूळ नको म्हणून खिडकीलाही काच बसली आणि पावतीपुरती फट राहिली. तिसऱ्या वर्षी राजेश्रीने कापसाची प्रत ठरवणाऱ्या गोपीचंदला एकदा सांगून पाहिलं होतं. गोपीचंद भला माणूस. "बरोबर हाय, वैनी," म्हणाला आणि तीन दिवस कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी गारठा पडला आणि सगळे परत आले. सर्वात आधी गोपीचंदच आला, ओशाळून हसत, सिगारेट आधीच पेटवून. त्यानंतर तिने विषय काढला नाही. घरी साडीला वास यायचा, तो ट्रॅक्टरचा धूर म्हणून खपून गेला. एकदा खपलं म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं. मग सांगायचीही गरज राहिली नाही.

परभणीहून आल्यावर मात्र घरात काहीतरी बदललं.

आधी तिला ते कळलं नाही. कामावर निघताना पर्स उघडली तर आतल्या वस्तू भलत्याच जागी होत्या. रुमाल वर, कंगवा खाली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात महालिंग गॅसजवळ उभा होता आणि त्याच्या हातात काडेपेटी होती.

"काय पाहिजे?" तिने विचारलं.

"काय न्हाई. लायटर हाय ना आपल्याकडं? मग काडेपेटी कामून लागते?"

"देवापुढं उदबत्ती लावायला."

"हं," तो म्हणाला आणि काडेपेटी होती तिथे ठेवून दिली. राजेश्रीच्या लक्षात आलं, तो काड्या मोजत होता.

नवऱ्याने पंचवीस-तीस वर्षं कापड हाताळलं होतं. गिऱ्हाइकाने आणलेला कपडा नाकाशी धरून तो नवा की धुतलेला ते सांगायचा. आता ती संध्याकाळी घरी आली की तो मशीनवरून उठून दारापर्यंत यायचा, काहीतरी निमित्त काढून जवळून जायचा. तो वास घेतोय हे तिला कळायचं, आणि तिला कळतंय हे त्यालाही.

एका सकाळी ती न्हाणीतून बाहेर आली तेव्हा तो फोनवर हळू आवाजात बोलत होता. पलीकडे नांदेडला नर्सिंग शिकणारी त्यांची मुलगी, स्वप्ना.

"तू लहान होतीस तवा, मम्मीला कधी काय ओढताना पाहिलीस का? खरं सांग. मी रागवत न्हाई."

पलीकडून मुलगी काय म्हणाली ते तिला ऐकू आलं नाही. महालिंग म्हणाला, "तसं न्हाई गं. डॉक्टरनं लिवलंय."

भागम्माने मात्र आडून काही विचारलं नाही. ऐंशी वर्षांची ती म्हातारी रोज सकाळी अंघोळ करून हातावर लिंग घेऊन पूजेला बसायची, आणि तिच्यानंतर त्याच पाटावर राजेश्री. त्या आठवड्यात एका सकाळी राजेश्री आली तेव्हा पाट उचलून भिंतीला लावलेला होता. विभूती, बेल, पाण्याचा गडू, काहीच जागेवर नव्हतं.

"आत्याबाई, पाट उचलला?"

"उचलला," भागम्मा म्हणाली. "गळ्यात लिंग आन् तोंडात बिडी, असं आमच्या घरात कोनी केलेलं न्हाई. आधी खरं काय ते सांग. मग पाट टाकते."

राजेश्रीच्या तोंडाशी आलं होतं. पण बिडीचा आरोप खोटा ठरवायचा तर काट्याच्या खोलीचं खोटं उघडं करावं लागत होतं. तिने तसंच जमिनीवर बसून पूजा केली आणि कामावर गेली. वाटेत दम लागून तीन वेळा थांबावं लागलं. गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या दोन बायका तिच्याकडे पाहून बोलायच्या थांबल्या, तेव्हा तिच्याही मनात शंका आली. म्हातारीने बाहेर सांगितलं असेल का? की महालिंगने? त्या दिवसापासून तीही माणसांचे चेहरे बघू लागली.

पौष संपत आला होता. गाड्यांची रांग पार रेल्वे फाटकापर्यंत गेली होती. दुपारी महालिंग जिनिंगच्या फाटकावर आला. राजेश्री पंप घरी विसरली होती, एवढं निमित्त त्याला पुरेसं होतं. हे सगळं पुढे त्यानेच तिला सांगितलं.

लिंबाजी त्याला ओळखत नव्हता. त्याने खिसे चाचपले. "काडेपेटी?"

"न्हाई."

"बिडी ओढायची असंल तर तिकडं. काट्यावर."

"तिथं कोन ओढतं?"

"सगळेच."

महालिंग थोडा थांबला. "काट्यावरली बाईबी?"

लिंबाजी हसला. "बाईला अलग कशाला लागते? तिला दिवसभर फुकटच भेटायलीय."

महालिंगने काट्याच्या खोलीचं दार ढकललं. आत नऊ-दहा माणसं होती. काही बाकावर, काही रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर, एक जण भिंतीला टेकून उकिडवा. धुरामुळे समोरच्या भिंतीवरचं घड्याळ नीट दिसत नव्हतं. कोपऱ्यात कॉम्प्युटरमागे राजेश्री बसली होती, पदर नाकावरून मागे घेऊन बांधलेला, फक्त डोळे दिसत होते. तिच्याजवळ हिशेबाच्या खोलीतली संघप्रिया पावत्या न्यायला आली होती आणि ओढणी तोंडावर दाबून उभी होती.

"या मामा, बसा," एका गाडीवाल्याने सरकून जागा केली आणि बिडीचं बंडल पुढे धरलं. "दार लावा तेवढं. गारठा यायलाय."

राजेश्रीने वर पाहिलं. महालिंग सरळ टेबलापाशी आला आणि पंप तिच्या हाताजवळ ठेवला.

"घरी इसरली होतीस," तो म्हणाला.

"कोन हेत हे?" मागून कुणीतरी विचारलं. गोपीचंद उभा राहिला, त्याने सिगारेट पाठीमागे धरली आणि म्हणाला, "या दादा, बसा की." महालिंगने त्याच्याकडे पाहिलं, खोलीतल्या एकेका माणसाकडे पाहिलं आणि तो बाहेर गेला. दार उघडंच राहिलं. कुणीतरी उठून लावून घेतलं.

संध्याकाळी तो मशीनवर बसला होता, पण सुईत दोरा नव्हता. आतल्या खोलीत भागम्मा जपमाळ घेऊन बसली होती. माळ हलत नव्हती.

"बावीस वर्षं असंच?" त्याने विचारलं.

"एकवीस. पयलं वर्ष न्हवतं."

"डॉक्टरनं इचारलं तवा कामून न्हाई सांगितलंस?"

"तुमी बाजूला बसले होते."

महालिंगने हातातली कात्री खाली ठेवली.

"मी आधीच सांगितलं असतं," राजेश्री म्हणाली, "तर जाऊ दिलं असतं का मला?"

त्याने खरंच विचार केला. "न्हाई," तो म्हणाला.

"मग स्वप्ना नांदेडला शिकायलीय, ती गेली असती का?"

त्याने मशीनचं चाक हाताने एकदा फिरवलं. मग तो म्हणाला, "बिडीचं गलत निगालं, ते मी मानतो. आत्ता डोळ्यानं बगून आलो. पर एवढी गोष्ट तू एकवीस वर्षं लपवलीस. आता अजून काय काय लपवलंस, ते मी कुठं जाऊन बगू?"

पंपाचा एक दम घेऊन राजेश्री भाकऱ्या करायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट पुन्हा जागेवर होता. राजेश्री कामावर निघाली तेव्हा भागम्माने विचारलं, "किती गडी असतेत तिथं?"

"मोजले न्हाईत, आत्याबाई."

"मोजत जा," म्हातारी म्हणाली.

माघ संपता संपता जिल्ह्याहून तंबाखू नियंत्रण पथकाची दोन माणसं आली. एकाच्या गळ्यात ओळखपत्र होतं, दुसऱ्याच्या हातात पावतीपुस्तक. त्यांनी फाटकावर कुणाला काही विचारलं नाही, थेट काट्याच्या खोलीत आले. गोपीचंद आणि दोन गाडीवाले हातात जळतं घेऊन बसले होते. तिघांना दंड झाला. इथे धूम्रपान करणं गुन्हा आहे, असा फलक त्यांनी समोर उभं राहून भिंतीवर ठोकून घेतला. मग मालकांना बोलावून एक चिठ्ठी दाखवली आणि तिची झेरॉक्स त्यांच्याकडे ठेवून गेले. चिठ्ठीतली ओळ संध्याकाळपर्यंत सगळ्या जिनिंगला पाठ झाली. काट्याच्या खोलीत दिवसभर धूर असतो, तिथे काम करणाऱ्या बाईची छाती गेली आहे, तिच्याकडे बघून तरी कुणीतरी या. खाली सही नव्हती.

सहीची गरजही नव्हती. काट्यावर बाई एकच होती.

दुसऱ्या दिवसापासून खोलीत कुणी आलं नाही. राजेश्रीला बसल्या जागेवरून समोरच्या घड्याळाचा काटा दिसत होता. पण रोज अकराला लिंबाजी चहा आणून द्यायचा, तो आला नाही. ती नळावर पाणी प्यायला गेली तर हमालांची बोलणी थांबली. पावती घेताना गाडीवाले हात लांब ठेवायचे. एक जण काचेच्या फटीशी तोंड आणून म्हणाला, "मॅडम, इथं खोकलं तर चालतंय का, का त्याचीबी पावती फाडता?" मागचे चार-पाच जण हसले.

गोपीचंद दुपारी आला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"वैनी, मला सांगितलं असतं तर मी ओढलो असतो का? एवढ्या वर्सांची वळख. सरळ बाहेर कागद धाडायचा?"

"मी न्हाई लिहिलं, गोपीचंदभाऊ. आन् सांगितलं होतं. तिसऱ्या वर्सी."

गोपीचंदला ते आठवलं की नाही, ते तिला कळलं नाही. तो मान हलवत निघून गेला.

मग लिहिलं कुणी? तिला महालिंगचा संशय होता. तो येऊन गेल्यानंतरच सगळं घडलं होतं. शिवाय छातीचं बाहेर कुणाला माहीत होतं? घरी गेल्या गेल्या तिने विचारलं.

"ते पत्र तुमी लिवलं का?"

महालिंगने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "मला इचारायलीस? मला वाटलं तूच लिवलीस. न सांगता करायची सवय तुलाच हाय."

"मी न्हाई."

"मग मीबी न्हाई."

जेवताना दोघं एकमेकांकडे अधूनमधून बघत होते. स्वप्नाला फोन करून विचारलं, तर तिनेही नाही म्हटलं आणि वर विचारलं, "तुमी घरात सगळे एकमेकांवर शक घेतच बसणार हाव का?" राजेश्रीने फोन ठेवला. मुलगीही खरं बोलली असेल ना, असं तिच्या मनात आलंच, आणि त्याची तिला लाज वाटली.

चार दिवसांनी मालकांनी बोलावलं. त्यांच्या खोलीला अर्धी काच होती. काचेपलीकडे हिशेबाचं टेबल, तिथे संघप्रिया पावत्यांवर शिक्के मारत बसली होती. मालकांनी चिठ्ठीची झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"मॅडम, बावीस वर्षं झाली तुम्हाला. सरळ विचारतो. ही तुम्ही लिहिली का? तुम्ही नसाल तर दुसरं कुणीतरी असेल. मग मला एकेकाला विचारावं लागेल. आणि ज्याने लिहिली तो इथे राहणार नाही."

राजेश्रीने चिठ्ठी पहिल्यांदाच हातात घेतली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मोठं आणि सुटं काढलेलं होतं. पण 'खोली'तला ख पाहून ती थांबली. र आणि व वेगळे काढायचे आणि मग खाली बारीक शेपटी ओढून जोडायचे. असा ख ती चार महिने रोज तीन वेळा पावत्यांच्या यादीवर बघत होती.

काचेपलीकडे शिक्क्याचा आवाज थांबला होता. संघप्रियाने मान वर केली नव्हती. चार महिन्यांपूर्वी लागलेली पोर, अजून कायम झालेली नव्हती. मागच्या आठवड्यात पावत्या घेता घेता ती बाहेर धावली होती आणि नळाजवळ वाकून ओकली होती. तोंड धुऊन परत आली तेव्हा राजेश्रीने नुसतं विचारलं होतं, "कितवा महिना?" आणि संघप्रिया म्हणाली होती, "दुसरा. कुणाला सांगू नका, काकू."

राजेश्रीने चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"मीच लिवली," ती म्हणाली.

मालक खुर्चीत मागे टेकले. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं होतं. "काय कमी केलं होतं आम्ही तुम्हाला?"

"कमी न्हाई केलं, मालक. कापूस जपला तुमी, ते बरोबरच होतं. माझी खुर्ची गंजीपाशी ठेवली असती तर माझीबी छाती राहिली असती."

मालकांनी झेरॉक्सची घडी घातली. "हा हंगाम पुरा करा," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी निरोप पाठवतो."

दुपारच्या पावत्या न्यायला संघप्रिया आली तेव्हा खोलीत दोघीच होत्या. ती दाराशीच उभी राहिली. डोळे भरलेले होते.

"काकू, कामून असं बोललात? मी सांगनार होते. खरंच सांगनार होते."

"माझं नाव तर आधीच झालं होतं. तुझं कशाला करायचं?"

"मी ती तुमच्यासाठी लिवली होती," संघप्रिया म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हंजे, माझ्यासाठीबी."

"ठाव हाय," राजेश्री म्हणाली आणि तिने पावत्यांचा गठ्ठा पुढे केला. "पुढच्या बारीला ख जपून काढ."

त्या संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं. कुणी विचारायच्या आत सांगितलं. महालिंग ऐकत राहिला.

"म्हंजे मालकाला खोटं बोललीस."

"हाव."

"आन् मला आता खरं सांगायलीस."

"हाव."

"मला कसं कळायचं, कोनतं खरं आन् कोनतं खोटं ते?"

तिला दम लागला होता. "न्हाई कळायचं," ती म्हणाली आणि आत गेली.

फाल्गुनात हंगाम संपला. पथक मधे एकदा पुन्हा येऊन गेलं होतं, त्यामुळे मालकांनी रस्त्यापलीकडे, आवाराच्या बाहेर, पत्र्याचा मांडव टाकून दिला. ओढणारे तिकडे जाऊ लागले. शेवटच्या दिवशी राजेश्रीने चाव्या लिंबाजीकडे दिल्या. त्याने त्या घेतल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, माझी बाईबी म्हनायली, आता घरी अंगाला वास येत न्हाई म्हनून." एवढं बोलून तो फाटकाकडे गेला.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पंप चालू होते, पण गेलेला श्वास परत येणार नव्हता. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं होतं. दसऱ्याला जिनिंगच्या मुहूर्ताला गोपीचंदला, हमालांना, सगळ्यांना निरोप गेले. राजेश्रीला आला नाही. काट्यावर नवा माणूस बसल्याचं तिला बाजारात कळलं. महालिंगला तिने ते सांगितलं, तेव्हा तो "हं" एवढंच म्हणाला. त्या "हं"मध्ये अजूनही काहीतरी अडकलेलं होतं. आठ महिने ते तसंच होतं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी संघप्रियाची आई घरी आली. मुलगी बाळंत झाली होती. बारशाचं आमंत्रण द्यायला तिने आईला मुद्दाम पाठवलं होतं. भागम्माने तिला बसायला सतरंजी टाकली. चहा घेऊन ती बाई उठली आणि दाराशी थांबून महालिंगला म्हणाली, "दादा, तुमच्या मंडळींनी त्या दिवशी माझ्या पोरीचं नाव घेतलं असतं, तर पोरगी घरी बसली असती. आमी बोललो न्हाई कुठं. पर आमाला ठाव हाय."

महालिंग तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आला. आल्यावर तो मशीनपाशी उभा राहिला.

"पोरगा का पोरगी?" त्याने विचारलं.

"पोरगी," राजेश्री म्हणाली.

त्याने ठेवणीतल्या कापडांची पेटी उघडली. मऊ पिवळं सुती कापड हाताला लागलं, ते दोन-तीनदा बोटांत चोळून पाहिलं आणि तो झबलं बेतायला बसला. भागम्मा आतून म्हणाली, "बांधायचे बंद लाव, गुंड्या नको. लेकराला टोचतेत."

बारसं रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीत होतं. पूर्वी राजेश्री ते अंतर पंधरा मिनिटांत चालायची. दुपारी चारला दोघं निघाले, झबल्याची पिशवी महालिंगच्या हातात. ओळखीची माणसं ओट्यांवर बसलेली होती. कुणी हात केला, कुणी नुसतं पाहिलं. गल्लीच्या टोकाशी तिचा श्वास भरून आला. ती थांबणार एवढ्यात महालिंगच थांबला. पिशवी काखेत धरून खाली वाकला आणि चपलेचा पट्टा नीट करू लागला. राजेश्री त्याच्या बाजूला उभी राहिली. तिचा दम बसल्यावर तो उठला आणि दोघं चालू लागले. किराणा दुकानापाशी पट्टा पुन्हा सैल झाला. रेल्वे फाटकाजवळ पुन्हा.

फाटकाजवळ राजेश्रीने खाली पाहिलं. चपलेला काहीच झालेलं नव्हतं. बक्कल पक्कं होतं, आणि तो ते उगाच काढून पुन्हा लावत होता, एकेक भोक मोजत, सावकाश. आजूबाजूला लोक होते. तो मान वर करत नव्हता.

ती कडेच्या भिंतीला हात टेकून उभी राहिली आणि श्वास घेत राहिली. तो पट्टा लावत राहिला.